पाने खाणारा ढालकिडा : एका नव्या जातीची ओळख

पावसाळा सरत आला आणि वांग्याचे पीक भरास येऊ लागले म्हणजे त्याच्या पानांवर लहानसे, अर्धगोल पाठीचे, तांबूस रंगावर काळे ठिपके असलेले किडे दिसू लागतात. पुढे रब्बीत करडईवर मावा पडला की तेथेही याच आकाराचे ठिपकेदार किडे फिरताना आढळतात. दोहोंची ठेवण एकच, पाठ ढालीसारखी फुगीर, आणि बोट लागताच पाय पोटाशी ओढून घेऊन निपचित पडून राहण्याची खोडही एकच. परंतु करडईवरचा किडा दिवसभर मावा खाऊन शेतकऱ्याची चाकरी करीत असतो, तर वांग्यावरचा किडा त्याच शेतकऱ्याच्या पिकाची पाने खरवडून त्यांची जाळी करीत असतो.

हा भेद ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून दोन प्रकारचे नुकसान होते. ‘ढालकिडा हा मित्र’ एवढेच ऐकून कोणी वांग्यावरील किड्याला अभय देतो आणि पंधरवड्यात पीक वाळलेले पाहतो. कोणी वांग्यावरचा अनुभव मनात धरून करडईवरील किड्यावर विषारी फवारा मारतो, आणि माव्याला मोकळे रान मिळते. शत्रू-मित्रांची ओळख ही पीकसंरक्षणाची पहिली पायरी आहे. ती किती सूक्ष्म असू शकते आणि केवळ ठिपके मोजून का पटत नाही, हे पाने खाणाऱ्या ढालकिड्यांच्या एका नव्या जातीच्या इतिहासावरून चांगले समजते. ती जात जपानमधील आहे. पण तिचा सख्खा भाऊबंद महाराष्ट्रातील वांग्याच्या प्रत्येक वाफ्यात भेटतो.

ढालकिड्यांचे मोठे कुटुंब

ढालकिड्यांच्या कुळात जगभर मिळून सुमारे ६,००० जाती आहेत. त्यांपैकी बहुसंख्य जाती मांसाहारी असून मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण अशा रस शोषणाऱ्या किडींवर त्या जगतात. १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातून वेडालिया नावाचा ढालकिडा अमेरिकेतील कॅलिफोर्नियात नेण्यात आला आणि त्याने तेथील संत्रा-लिंबू वर्गातील बागा खवले किडीच्या तावडीतून सोडविल्या. मित्रकिडीच्या साहाय्याने शत्रुकिडीचा बंदोबस्त करण्याच्या शास्त्राचा पाया या यशाने पक्का झाला. ढालकिड्यांना जो मान मिळाला, तो अशा कामगिरीमुळेच.

परंतु याच कुळात सुमारे एक षष्ठांश जाती अशा आहेत की, त्यांनी मांसाहार सोडून पाने हेच आपले अन्न केले. या गटाला एपिलॅक्ना गट असे म्हणतात. आपल्याकडे वांग्यावर येणारा हड्डा भुंगेरा याच गटातला होय. त्याचे शास्त्रीय नाव हेनोसेपिलॅक्ना व्हिजिन्टिऑक्टोपंक्टाटा असे लांबलचक आहे. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ केवळ ‘अठ्ठावीस ठिपक्यांचा’ एवढाच. वांग्याखेरीज बटाटा, टोमॅटो, अश्वगंधा, धोतरा, रिंगणी, कामोणी अशा एकाच कुळातील वनस्पतींवर तो उपजीविका करतो, कारल्यावरही आढळतो.

पाने खाणारा आणि मावा खाणारा, हे दोन ढालकिडे ओळखण्याच्या काही खुणा साध्या डोळ्यांनीही दिसतात. मावा खाणाऱ्या नेहमीच्या ढालकिड्यांची पाठ गुळगुळीत व तेल लावल्यासारखी चकचकीत असते. पाने खाणाऱ्याच्या पाठीवर अतिशय बारीक, आखूड लव असते. त्यामुळे ती मळकट, निस्तेज दिसते. याहून मोठा फरक अळीत असतो. मित्र ढालकिड्याची अळी पाटीच्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, लांब पायांची आणि चपळ असते. हड्ड्याची अळी फिकट पिवळी, संथ आणि सर्वांगावर फांद्या फुटलेल्या काट्यांनी भरलेली असते. एकदा पाहिली की ती पुन्हा विसरली जात नाही.

दोहोंच्या जबड्यांतही खाण्याच्या सवयीप्रमाणे फरक आहे. मांसाहारी ढालकिड्याच्या जबड्याला भक्ष्य पकडण्यासाठी टोकाशी एक-दोन दात आणि बुडाशी आणखी एक दात असतो. पाने खाणाऱ्याच्या जबड्याच्या टोकाशी अनेक दात असतात आणि बुडाचा दात नसतो. या दातांनी तो पानाचा हिरवा गर खरवडतो, शिरा तशाच ठेवतो. त्यामुळे पानावर समांतर रेघांच्या जाळीदार खिडक्या पडतात आणि काही दिवसांत ते पान तपकिरी होऊन वाळते. अशी खरवड दिसली की तेथे मित्रकिडा नव्हे, हड्डा आहे असे खुशाल समजावे.

अंड्यांच्या बाबतीत मात्र घाई करू नये. दोन्ही प्रकारचे ढालकिडे पिवळी, निमुळती अंडी पुंजक्यांनी उभी चिकटवून घालतात. ज्या पानावर मावा आहे तेथील अंडी बहुधा मित्राची, आणि ज्या पानावर किंवा आसपास खरवडल्याच्या खुणा आहेत तेथील अंडी बहुधा हड्ड्याची. हाताशी चांगले भिंग असेल तर हड्ड्याच्या अंड्याच्या कवचावर मधाच्या पोळ्यासारखी बारीक षट्‌कोनी नक्षी दिसते. उबदार हवेत अंडी तीन-चार दिवसांत उबतात. अळी चार अवस्थांतून जाऊन साधारण दोन आठवड्यांत पुरी वाढते, पानावरच कोषात जाते आणि कोषातून तीन ते सहा दिवसांत भुंगेरा बाहेर येतो. अशा अनेक पिढ्या वर्षात होतात. म्हणून हंगामाच्या आरंभी दिसलेले चार-दोन भुंगेरे हे पुढील संकटाची नांदी असते.

अठ्ठावीस ठिपक्यांचे कोडे

या भुंगेऱ्याला त्याचे शास्त्रीय नाव १७७५ साली डॅनिश शास्त्रज्ञ फाब्रिसिअस याने दिले. प्रत्येक पंखकवचावर चौदा, असे दोन्ही मिळून अठ्ठावीस ठिपके त्याने मोजले असावेत. पण पुढे अनेक देशांतील नमुने एकत्र आले तेव्हा असे दिसून आले की, ठिपक्यांचा हिशोब नेहमी जुळत नाही. प्रत्येक पंखकवचावरील सहा ठिपके कायमचे असतात. उरलेले आठ कधी असतात, कधी अर्धवट असतात, कधी मुळीच नसतात. म्हणजे एकाच जातीचा एक भुंगेरा बारा ठिपक्यांचा, तर दुसरा अठ्ठावीस ठिपक्यांचा निघू शकतो. भारतातही बारा ठिपक्यांचे आणि अठ्ठावीस ठिपक्यांचे भुंगेरे वेगवेगळ्या नावांनी ओळखले गेले आणि त्यांच्या नात्याविषयी कीटकशास्त्रज्ञांत बराच ऊहापोह झाला.

एकाच जातीत ठिपके कमीजास्त असतात, हे झाले. पण याच्या उलटही घडते. ठिपके तंतोतंत सारखे, आणि जाती मात्र भिन्न! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रशियन कीटकशास्त्रज्ञ मोचुल्स्की याने पूर्व आशियातील थंड प्रदेशातल्या एका भुंगेऱ्याला जे नाव दिले, त्याचाही अर्थ ‘अठ्ठावीस ठिपक्यांचा’ असाच होतो; मूळ लॅटिनमध्ये ‘पंक्टाटा’ऐवजी ‘मॅक्युलाटा’ एवढाच फरक. जपानमध्ये हे दोन्ही भुंगेरे बटाट्याचे शत्रू आहेत. ज्या ठिकाणांचे वार्षिक सरासरी तापमान १४ अंश सेल्सिअस आहे, ती ठिकाणे जोडणारी रेषा नकाशावर काढली, तर स्थूलमानाने तिच्या दक्षिणेकडील उबदार भागात आपल्या ओळखीचा हड्डा आणि उत्तरेकडील थंड भागात मोचुल्स्कीचा भुंगेरा आढळतो. पहिल्याच्या वर्षात अनेक पिढ्या होतात. दुसऱ्याची बहुधा एकच होते, आणि त्याचा प्रौढ भुंगेरा हिवाळा पालापाचोळ्याखाली झोपून काढतो. त्यामुळे कोणत्या भागात कोणता भुंगेरा आहे, यावर तेथील शेतकऱ्याने किती वेळा आणि कोणत्या महिन्यात सावध राहावयाचे हे ठरते.

काटेरी झुडपावरचा आणि रानातला

उत्तरेकडील या अठ्ठावीस ठिपक्यांच्या भुंगेऱ्यासारखेच दिसणारे आणखी काही भुंगेरे जपानच्या डोंगराळ रानांत होते. ते बटाट्याच्या शेतात नव्हे, रानटी वनस्पतींवर राहत. काही थिसल नावाच्या काटेरी झुडपावर आढळत. हे झुडूप आपल्याकडील उंटकटाऱ्याच्या नात्यातले. काही भुंगेरे दाट सावलीत वाढणाऱ्या एका मऊ पानांच्या रोपट्यावर आढळत. कॉलोफायलम नावाचे हे रोपटे दारुहळदीच्या कुळातले असून, वसंत ऋतूत बर्फ वितळताच रानात वर येते आणि उन्हाळा संपतासंपता सुकून जाते.

थिसलवरील एका भुंगेऱ्याला १८९६ मध्ये लुईस या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने ‘निपोनिका’ हे नाव दिले होते. होक्काइडो बेटावरील दुसऱ्या एकाचे ‘पुस्ट्युलोसा’ असे नामकरण १९३७ मध्ये कोनो या जपानी शास्त्रज्ञाने केले. तरीही हे सर्व भुंगेरे खरोखर किती जातींचे, की एकाच जातीचे स्थानपरत्वे बदललेले प्रकार, हा प्रश्न उलगडला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात काझुओ यासुतोमी यांनी या भुंगेऱ्यांचा बारकाईने अभ्यास केला. पुढे साप्पोरो येथील होक्काइडो विद्यापीठाचे हारुओ काताकुरा यांनी हे काम हाती घेतले. निरनिराळ्या ठिकाणांहून, निरनिराळ्या वनस्पतींवरून गोळा केलेले नमुने त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले; पंखकवचांचा आकार, ठिपक्यांची ठेवण, नराची जननेंद्रिये आणि अळ्यांचे खाद्य या सर्वांचा एकत्र विचार केला. १९८१ मध्ये विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विस्तृत प्रबंधात त्यांनी असा निष्कर्ष मांडला की, जपानमधील या समूहात चार जाती आहेत. त्यांपैकी तीन पूर्वीच्याच होत्या. कॉलोफायलमवर राहणाऱ्या भुंगेऱ्याला मात्र स्वतःचे नाव नव्हते. ती नवी जात ठरली आणि ज्यांनी या भुंगेऱ्यांच्या अभ्यासाची वाट आखून दिली, त्या यासुतोमींच्या सन्मानार्थ तिला ‘हेनोसेपिलॅक्ना यासुतोमीइ’ असे नाव देण्यात आले.

नवी जात कशी ठरते

‘नवी जात सापडली’ असे वाचले की, कोणी तरी निबिड अरण्यात जाऊन आजवर कोणी न पाहिलेला प्राणी धरून आणला असावा, असे चित्र मनापुढे येते. वस्तुतः बहुतेक नव्या जाती अशा असतात की, त्या लोकांच्या डोळ्यांसमोर पिढ्यान्‌पिढ्या वावरत असतात. त्यांचे वेगळेपण तेवढे सिद्ध व्हावयाचे राहिलेले असते. ते सिद्ध करण्याची रीत ठरलेली आहे.

प्रथम पुष्कळ नमुने गोळा केले जातात. एकदोन किड्यांवरून निर्णय देणे धोक्याचे असते. कारण ठिपके, रंग आणि आकार यांत व्यक्तीव्यक्तीत फरक असतोच. प्रत्येक नमुन्यासोबत तो कोठे, केव्हा आणि कोणत्या वनस्पतीवर मिळाला याची चिठ्ठी असावी लागते. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी शास्त्राला त्याचा उपयोग फार थोडा.

त्यानंतर नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. एपिलॅक्ना गटात बाहेरच्या रूपापेक्षा आतील रचना अधिक विश्वासार्ह ठरते. नराचे उदर सोडवून ते तीव्र क्षाराच्या द्रावणात ठेवतात. त्यामुळे मऊ मांसल भाग विरघळतो आणि जननेंद्रियांचा कठीण सांगाडा स्वच्छ उरतो. त्याचा बाक, टोक आणि त्यावरील बारीक काटे यांची आकृती काढतात. १९४७ मध्ये डीके या संशोधकाने आशिया, युरोप व ऑस्ट्रेलियातील या भुंगेऱ्यांचा जो मोठा आढावा प्रसिद्ध केला, त्यात याच लक्षणांवर भर दिलेला आहे. १९६१ मध्ये तैवानमधील भुंगेऱ्यांच्या अभ्यासातून ‘हेनोसेपिलॅक्ना’ ही प्रजाती वेगळी काढण्यात आली, तीही अशाच लहानशा लक्षणावर : या प्रजातीतील मादीच्या पोटाचे खालच्या बाजूचे शेवटचे पट्ट मधोमध उभे चिरलेले असते.

ही सर्व लक्षणे पूर्वी वर्णन झालेल्या जातींशी, आणि शक्य तेथे संग्रहालयात जपून ठेवलेल्या त्यांच्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहतात. कोणत्याही जातीशी मेळ बसत नाही अशी खात्री झाली म्हणजे वर्णन लिहिले जाते. एक नमुना आदर्श म्हणून निवडला जातो. त्याला ‘होलोटाइप’ म्हणतात. पुढे कधीही वाद उत्पन्न झाला तर हा एकच नमुना साक्षीला काढला जातो, म्हणून तो जबाबदार संस्थेच्या संग्रहालयात ठेवतात. शेवटी प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नाव देऊन ते वर्णन प्रसिद्ध करतात. प्रसिद्धीखेरीज नावाला मान्यता नाही. एखाद्या पुरुषाच्या सन्मानार्थ नाव द्यावयाचे असेल तर त्याच्या आडनावास लॅटिन भाषेतील ‘चा’ या अर्थाचा प्रत्यय लावतात. ‘यासुतोमीइ’ म्हणजे यासुतोमींचा.

संकर होतो, तरी जाती दोन कशा?

यासुतोमींच्या भुंगेऱ्याच्या बाबतीत एक मोठी शंका उरली होती. ज्यांच्यात परस्पर संकर होऊन सुदृढ संतती निपजते ते एका जातीचे, असा सर्वसाधारण समज आहे. थिसलवरील निपोनिका आणि कॉलोफायलमवरील यासुतोमीइ यांना प्रयोगशाळेत एकत्र ठेवले असता ते खुशाल जुगतात, अंडी नेहमीप्रमाणे उबतात आणि संकरित पिल्लेही जगतात. होन्शू बेटावर तर काही ठिकाणी हे दोन्ही भुंगेरे एकाच रानात, थोड्या अंतरावर नांदतात. मग त्यांना दोन जाती म्हणण्यास आधार कोणता?

काताकुरा व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचे उत्तर मिळते. त्यांनी दोन्ही भुंगेऱ्यांपुढे दोन्ही वनस्पतींची पाने ठेवून पाहिली. थिसलवरच्या भुंगेऱ्याने कॉलोफायलम नाकारले आणि कॉलोफायलमवरच्याने थिसल नाकारले. अळ्यांना परक्या वनस्पतीवर सोडले असता त्या वाढू शकल्या नाहीत. हे भुंगेरे ज्या रोपावर खातात त्याच रोपावर जुगतात आणि तेथेच अंडी घालतात. म्हणजे एका रानात राहूनही या दोन समाजांत रोटीव्यवहार नाही, म्हणून बेटीव्यवहारही नाही. त्यांच्यामधील भिंत डोंगराची किंवा समुद्राची नसून अन्नाची आहे. ती भिंत एवढी भक्कम आहे की दुसऱ्या कोणत्याही अडसराची गरज पडत नाही. पुढे डीएनएच्या साहाय्याने तपासणी झाली तेव्हाही, या जाती अगदी अलीकडच्या काळात एकमेकींपासून विभक्त झाल्या असाव्यात, असेच दिसून आले.

पाने खातो म्हणून प्रत्येक भुंगेरा विनाशकारी असतोच असे नाही, हेही जपानमधील अभ्यासावरून कळते. थिसलवरील निपोनिकाच्या संख्येचा अनेक वर्षे मागोवा घेऊन ओहगुशी व सावादा यांनी १९८५ मध्ये असे दाखवून दिले की, झुडपांची पाने फार खाल्ली गेली म्हणजे माद्या अंडी घालणे थांबवितात आणि पोटात तयार होत असलेली अंडी पुन्हा शरीरात शोषून घेतात. त्यामुळे भुंगेऱ्यांची संख्या अन्नाच्या मर्यादेबाहेर जात नाही. बटाट्याच्या किंवा वांग्याच्या शेतात मात्र एकाच अन्नाची ताटे ओळीने मांडून ठेवलेली असतात. तेथे किडीला आवरण्याचे काम शेतकऱ्यासच करावे लागते.

शेतकऱ्यास याचा उपयोग काय?

रानातील एका किड्याचे नाव बदलल्याने शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्त आहे. याचे उत्तर टोकियोच्या पश्चिमेकडील उपनगरांतील बटाट्याच्या शेतांत मिळते. तेथे बटाट्यावर जो भुंगेरा येतो, तो उत्तरेकडील नेहमीचा बटाट्यावरील भुंगेरा नसून यासुतोमीइचाच एक प्रकार होय. यासुतोमीइचे काही समूह रानात बटाट्याच्याच कुळातील एका वनस्पतीवर जगतात. बटाटा हे मूळ दक्षिण अमेरिकेतील पीक तेथे येऊन पोहोचले, तेव्हा यांतल्या काहींनी रान सोडून शेत धरले. जो किडा काल रानातला निरुपद्रवी रहिवासी होता, तो आज कीड झाला. जात नीट ओळखलेली असल्यामुळे हा शत्रू कोठून आला आणि त्याचे मूळ घर कोणते, हे कळू शकले.

असेच एक उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथे भोपळ्याच्या वेलांवरील आणि बटाटा-टोमॅटोवरील ठिपकेदार भुंगेरे अठ्ठावीस ठिपक्यांच्या एकाच नावाखाली मोडत असत. सिडनी येथील विदुषी डॉ. आओला रिचर्ड्स यांनी त्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये भोपळ्यावरील भुंगेऱ्याचे ‘एपिलॅक्ना कुकुर्बिटे’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून वर्णन केले. ज्याच्या शेतात टोमॅटो आणि भोपळा शेजारी शेजारी आहेत, त्याला या भेदाचे महत्त्व सांगावयास नको. एका पिकावरील भुंगेरे दुसऱ्यावर जातील की नाही, याचा अंदाज जात कळल्यावाचून करता येत नाही.

आपल्या हड्ड्याचीही खाण्याची सवय अढळ नाही. इंडोनेशिया व आसपासच्या प्रदेशात सेन्ट्रोसेमा हा अमेरिकेतून आलेला द्विदल वेल जमीन झाकण्यासाठी लावला गेला; तेथील अठ्ठावीस ठिपक्यांच्या भुंगेऱ्यांनी कालांतराने या नव्या वेलाचीही पाने खाण्यास सुरुवात केल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे. वांग्याच्या कुळाशी या वेलाचे काही नाते नाही. जे तेथे घडले ते अन्यत्रही घडू शकते. म्हणून हड्ड्यासारखा भुंगेरा नेहमीपेक्षा निराळ्या वनस्पतीवर पाने खरवडताना दिसला, तर ती गोष्ट किरकोळ समजू नये.

किडीची ओळख पटली की तिच्या शत्रूचीही ओळख पटते. हड्ड्याच्या अळ्यांत पेडिओबिअस नावाची अगदी बारीक गांधीलमाशी अंडी घालते. तिची पिल्ले अळीला आतून खाऊन टाकतात. अळी फुगून तपकिरी, कडक होते आणि तिला भोके पाडून माश्या बाहेर पडतात. १९६६ मध्ये ही माशी भारतातून अमेरिकेत नेण्यात आली. तेथे घेवडा व सोयाबीनची पाने खाणारा मेक्सिकन भुंगेरा हा आपल्या हड्ड्याच्याच गटातला. त्या नात्याच्या आधारावर ही निवड झाली, आणि ती लागू पडली. अमेरिकेतील थंडीत माशी टिकत नसल्याने ती दर वर्षी नव्याने सोडावी लागे. आपल्या शेतात मात्र ती विनामूल्य काम करीत असते. सबब, तपकिरी पडलेल्या फुगीर अळ्या दिसल्या तर त्या चिरडू नयेत.

वांग्यावरील हड्ड्याचा बंदोबस्त

या भुंगेऱ्यासाठी प्रथमपासून फवारा हाती घेण्याची आवश्यकता नसते. पुढील कामे वेळेवर केल्यास कीड बहुधा आटोक्यात राहते.

लागवडीनंतर दर आठवड्यास पानांची खालची बाजू पाहावी. खरवडीच्या खुणांजवळील अंड्यांचे पुंजके व पिवळ्या काटेरी अळ्या असलेली पाने तोडून नष्ट करावीत. सकाळच्या गारव्यात भुंगेरे सुस्त असतात. त्या वेळी झाड हलकेच हलवून ते थोडे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या पसरट भांड्यात पाडावेत. बांधावरील रिंगणी, कामोणी व धोतरा ही झाडे हंगामापूर्वी काढून टाकावीत. पीक नसते त्या काळात हड्डा त्यांच्याच आश्रयाने राहतो. पीक संपल्यावर जुनी झाडे शेतात उभी ठेवू नयेत.

प्रादुर्भाव वाढताना दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, थोडा साबण मिसळून एकूण १०० लिटर द्रावण करावे आणि ते सायंकाळी, पानांच्या खालच्या बाजूस पोहोचेल असे फवारावे. एवढ्यानेही भागले नाही, तरच कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणे, लेबलावर वांग्यासाठी नोंद असलेले कीटकनाशक योग्य प्रमाणात वापरावे आणि फवारणी व तोडणी यांमध्ये सांगितलेले अंतर कटाक्षाने पाळावे.

अनोळखी भुंगेरा आढळल्यास

नेहमीच्या पिकाखेरीज अन्य पिकावर किंवा रानवनस्पतीवर पाने खरवडणारा ढालकिडा दिसला, तर त्याचे दहा-बारा नमुने लहान बाटलीत ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. केवळ भुंगेरे न घेता त्याच झाडावरील अळ्याही घ्याव्यात. त्या वनस्पतीवर किडीची वाढ होते की भुंगेरा तेथे केवळ बसला होता, हे अळीवरूनच कळते. वनस्पतीची फुलासह एक डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी. बाटलीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तीवर गाव, तालुका, तारीख, वनस्पतीचे स्थानिक नाव आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढा मजकूर पुरे. हे सर्व गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यामार्फत जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्यावे. जेथे अधिक तपासणीची गरज पडते, तेथे बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या संस्थांतील तज्ज्ञांकडे नमुने पाठविता येतात.

यासुतोमींचा भुंगेरा कोणी लपवून ठेवलेला नव्हता. तो दर वसंतात त्याच रोपावर येत होता, पाने खात होता आणि त्याच्या पाठीवर सर्वांना मोजता येतील असे अठ्ठावीस ठिपके होते. लोक ठिपके मोजत राहिले, तोवर तो ओळखू आला नाही. तो काय खातो हे पाहिले गेले, तेव्हा ओळखू आला. शेतकऱ्याने पानावरील किडा पाहताना हीच दृष्टी ठेवावी. किडा कसा दिसतो हे पाहावेच. पण तो काय खातो हे आधी पाहावे. मित्र कोण आणि शत्रू कोण, याचा निर्णय मग चुकणार नाही.